"आपल्याकडे असं डोकं का नाही?" म्हणणाऱ्यांसाठी

सध्या एका प्रकारचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर येतायत. भिंतीत दुमडून जाणारं टेबल. तळहाताएवढा होणारा पाण्याचा डबा. गोल फिरवला की सपाट होणारा जिना. कर्सर फिरवला की चित्र काढणारी, गाणं वाजवणारी एखादी भन्नाट वेबसाइट. जपान, कोरिया, जर्मनी, चीन, कुठलंही असतं. बघायला मजा येते. मीही बघतो. सेकंड शिफ्ट करून आलं की झोप लागेपर्यंत तेच चालू असतं. त्याला माझी हरकत नाही.

हरकत आहे ती हे व्हिडिओ शेअर करताना वर लिहिल्या जाणाऱ्या एका वाक्याला: "आपल्याकडे असं डोकं का नाही?"

हे वाक्य मुंबई-दिल्लीच्या माणसाने लिहिलं तर सोडून देईन. पण भोसरी, चिखली, तळवडे, चाकण, महाळुंगेची माणसं हे लिहितात तेव्हा राग येतो. ज्या पट्ट्यात दर दुसऱ्या घरातला माणूस टर्नर, फिटर, सेटर, टूलमेकर नाहीतर लाइनवरचा ऑपरेटर आहे, तिथे डोक्याचा तुटवडा आहे म्हणे! मंडळी, डोकं भरपूर आहे. त्याच्यापुढे नाव लिहायची पद्धत नाही, एवढंच.

आधी मोठी उदाहरणं घ्या, कारण लोकांना मोठंच दिसतं.

'टेम्पो' हा शब्द आपण रोज वापरतो. तो मुळात एका जर्मन कंपनीच्या गाडीचा ब्रँड. १९५८ साली तिच्याबरोबर बजाज टेम्पो कंपनी निघाली, तीच आकुर्डीची आजची फोर्स मोटर्स. गाडी इतकी आपली झाली की ब्रँडचं सामान्यनाम झालं. २००५ साली टाटा मोटर्सने एस बाजारात आणली. तीन चाकी मालवाहू रिक्षावाल्याला नेमकं काय लागतं याचा विचार करून पुण्यात डिझाइन झालेली छोटी चारचाकी. लोकांनी तिला नावही स्वतःच दिलं, 'छोटा हत्ती'. भाजी मंडई, मंडप डेकोरेशन, घर शिफ्टिंग, सगळीकडे तीच. आणि बजाज पल्सरचं डीटीएस-आय इंजिन आठवा. छोट्या इंजिनात एकाऐवजी दोन स्पार्क प्लग. इंधन नीट जळावं म्हणून केलेली ही करामत. कंपनीने तिचं पेटंट घेतलं, आणि २००७ साली टीव्हीएसची फ्लेम ही बाइक आली तेव्हा त्याच पेटंटवरून मद्रास हायकोर्टात भांडण सुरू झालं. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं.

हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण पुढे लागणार आहे. एका जास्तीच्या स्पार्क प्लगसाठी सुप्रीम कोर्ट. म्हणजे कल्पनेची किंमत आपल्या पट्ट्यातल्या कंपन्यांना कळत नाही, असं मुळीच नाही. स्वतःची असली की बरोबर कळते.

आता छोटी उदाहरणं. ही तुम्हाला रीलवर दिसणार नाहीत, कारण कंपनीच्या गेटवरच मोबाईल जमा करून घेतात.

चाकणच्या एका व्हेंडर कंपनीतली गोष्ट आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, आणि त्या मुलाचं तर अजिबातच नाही, त्याला पुढेही याच पट्ट्यात काम शोधायचंय. मी तिथे फिक्स्चरच्या कामासाठी जायचो. प्रेस लाइनवर डाव्या आणि उजव्या बाजूचा ब्रॅकेट निघायचा. दोन्ही दिसायला जुळे भाऊ, फरक फक्त एका होलच्या जागेचा. बिनमध्ये मिक्स व्हायचे. मिक्स झालेला एक पीस जरी मोठ्या कंपनीच्या लाइनवर गेला की तिकडून कंप्लेंट, मग डेबिट नोट, मग सगळा लॉट परत तपासा. त्यासाठी दोन माणसं नुसती मार्कर घेऊन उभी केलेली. प्रत्येक पीस बघायचा, टिक मारायची, बिनमध्ये टाकायचा. आठ तास. रात्री तीन वाजता माणसाचा डोळा लागणारच.

कॉन्ट्रॅक्टवरच्या एका पोराने भंगारातल्या पत्र्याची घसरगुंडी केली आणि तिच्यात योग्य जागी एक बोल्ट उलटा बसवला. बरोबर बाजूचा पीस त्या बोल्टवरून सरळ खाली घसरतो. चुकीच्या बाजूचा अडकतो. बस्स. ना सेन्सर, ना कॅमेरा, ना पीएलसी. खर्च शून्य, कारण पत्राही भंगारातला आणि बोल्टही. मिक्सिंग बंद झालं, ती दोन माणसं दुसऱ्या कामाला लागली.

पुढे ऑडिट आलं. मोठ्या कंपनीच्या लोकांनी घसरगुंडी बघून कौतुक केलं. त्याचं प्रेझेंटेशन झालं, ते एका इंजिनिअरने केलं. बोर्डवर काइझेन शीट लागली, तिच्यावर टीमचं नाव. पोराला मिळाला एक स्टीलचा डबा आणि एक ग्रुप फोटो. सात महिने भरले तसा त्याला ब्रेक मिळाला, बाकीच्यांना मिळतो तसाच. घसरगुंडी अजून तिथेच आहे, चालू आहे.

आता मला सांगा, हाच व्हिडिओ जपानमधल्या कारखान्याचा म्हणून आला असता तर तुम्ही वर काय लिहिलं असतंत?

गंमत म्हणजे जपानमध्ये या प्रकाराला नावही आहे, पोका-योके. आपल्याकडे प्रत्येक शॉप फ्लोअरच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. चूक होऊच शकणार नाही अशी रचना करणं, एवढाच त्याचा अर्थ. शिगेओ शिंगो या इंजिनिअरने तो विचार साठच्या दशकात मांडला. आधी त्याला 'बाका-योके' म्हणायचे, म्हणजे मूर्खालाही जमेल असं. एका कामगार बाईला ते लागलं, मी काय मूर्ख आहे का म्हणून तिला रडू आलं. तेव्हा शिंगोंनी शब्दच बदलला. 'पोका' म्हणजे नकळत झालेली चूक. चुकणं माणसाचं, मूर्खपणा नाही. एका बाईच्या मानासाठी अख्खी संज्ञा बदलली. आपण ती संज्ञा उचलली, भिंतीवर रंगवली. मान मात्र तिकडेच राहिला.

काइझेनचंही तेच. टोयोटाने १९५१ साली कामगारांच्या सूचनांची योजना सुरू केली, आपण तिची कॉपी केली. पण ज्या देशांकडून आपण हे शब्द आणि या कंपन्या आणल्या, तिथे शब्दाच्या मागे कायदा उभा आहे. तो कुणीच आणला नाही.

जर्मनीचं बघा. तिथे १९५७ पासून नोकरदारांच्या शोधांसाठी स्वतंत्र कायदा आहे. नोकरी करताना माणसाने पेटंट घेण्याजोगं काही शोधलं तर कंपनी ते स्वतःकडे घेऊ शकते, पण मग त्याला वाजवी मोबदला द्यावाच लागतो. पगार वेगळा, हा वेगळा. आणि पेटंटपर्यंत न पोचणाऱ्या छोट्या सुधारणा, म्हणजे आपली घसरगुंडी? त्यांच्यासाठी कारखान्यात सूचना योजना असते, आणि तिचे नियम मालक एकटा ठरवू शकत नाही. कामगारांची निवडून आलेली कौन्सिल असेल तिथे तिची संमती लागते. बक्षीस काय, नाव कुणाचं, हे दोघं मिळून ठरवतात.

जपानमध्ये पेटंट कायद्यातच नोकरदाराच्या मोबदल्याची तरतूद आहे. निळ्या एलईडीवर काम करणारे शुजी नाकामुरा आठवत असतील, २०१४ चं नोबेल. त्यांच्या कंपनीने त्या शोधाबद्दल सुरुवातीला दिले होते २० हजार येन. ते कोर्टात गेले. २००४ साली टोकियोच्या कोर्टाने कंपनीला २०० कोटी नव्हे, तब्बल २,००० कोटी येन द्यायला सांगितले. अपिलात २००५ साली साधारण ८४ कोटी येनवर तडजोड झाली. आकडा घटला, पण २० हजारांवरून कुठे गेला ते बघा.

आणि आपण? आपल्या पेटंट कायद्याच्या कलम २८ मध्ये शोध लावणाऱ्याचं नाव पेटंटवर नोंदवून घेण्याचा हक्क आहे. पेटंट कंपनीचं असलं तरी. चांगली गोष्ट आहे. पण नोकरी करताना शोध लावणाऱ्याला वेगळा मोबदला द्यावा अशी तरतूद त्या कायद्यात नाही. सगळं अपॉइंटमेंट लेटरवर सोडलेलं, आणि ते आपण कसं सही करतो ते सगळ्यांना माहीत आहे. उभ्या उभ्या, शेवटचं पान उघडून.

म्हणजे चाकणमध्ये ज्यांचे कारखाने आहेत अशा जर्मन आणि जपानी कंपन्यांच्या मायदेशात जो हक्क कामगाराला आहे, तो इथल्या कामगाराला नाही. कंपन्यांना दोष देत नाही, त्या इथल्या कायद्याप्रमाणे चालतात. कायदा मागायचं काम आपलं होतं. आपण रील शेअर करत बसलो.

नाव पुसलं की काय होतं याचं सगळ्यात दुखरं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे, फक्त कारखान्यातलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. जेमतेम शिकलेला अल्पभूधारक माणूस. शेतातली वेगळी दिसणारी लोंबी निवडून, वर्षानुवर्षं वेगळी पेरून त्यांनी भाताचा एक वाण तयार केला. बारीक दाणा, चांगलं उत्पन्न. व्यापाऱ्याने त्याला नाव दिलं एचएमटी, त्या काळी घड्याळाची चलती होती म्हणून. कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि पुढे 'पीकेव्ही एचएमटी' नावाने वाण प्रसिद्ध केला. किराणा दुकानात आजही एचएमटी तांदूळ म्हणून मागतो आपण. खाणाऱ्याला घड्याळाचं नाव माहीत, शेतकऱ्याचं नाही. पुरस्कार मिळाले, फोर्ब्सने नाव छापलं, आणि २०१८ साली दादाजी गरिबीत गेले.

आता परत मोबाईलकडे या, कारण हाच खेळ तिथेही चालतो. हे 'भन्नाट डिझाइन', 'जीनियस आयडिया' नावाचे पेज बघा. व्हिडिओ कुणाचा? खाली लिहिलेलं असतं 'क्रेडिट: ओनर'. म्हणजे ज्याचा आहे त्याचा! हे म्हणजे चोरलेल्या सायकलवर 'मालकाचे आभार' लिहिण्यासारखं झालं. काही जण लिहितात, क्रेडिट हवं असेल तर मेसेज करा. ज्याने वर्षभर घासून ती वस्तू बनवली त्याने यांच्या दारात येऊन नाव मागायचं. आणि व्हिडिओला लाखो लाईक पडतात ते पेजच्या खात्यात. कंपनीत टीमचं नाव, पेजवर ओनरचं नाव, तांदळावर घड्याळाचं नाव. करणारा माणूस सगळीकडून गायब.

उलटही होऊ शकतं, आणि त्याचंही उदाहरण आपल्याच पिंपरीतून गेलेलं आहे.

अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरमधून १९७५ साली बाहेर पडले आणि पुण्याला टेल्कोत लागले, म्हणजे आजची टाटा मोटर्स. १९७८ साली वर्षभराची रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या उपक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हाल्व्हची रबरी नळी दिसली, आणि ती आगकाडीवर घट्ट बसते हे ध्यानात आलं. नळीचे तुकडे म्हणजे सांधे, काड्या म्हणजे दांड्या. त्रिकोण, चौकोन, घर, पूल, सगळी भूमिती दोन-चार रुपयांत. इंजिनिअरिंगवाल्याला विचारा, त्रिकोण हलत नाही आणि चौकोन कलतो हे हाताने कळणं म्हणजे काय ते. पुढे भंगारातून, कागदातून, स्ट्रॉमधून शेकडो खेळणी झाली. २००३ ते २०१४ ते पुण्याच्या आयुकात मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. २०१८ साली पद्मश्री मिळाली.

त्यांची वेबसाइट उघडून बघा. दिसायला अगदी साधी, चकचकीत काही नाही. पण खेळणी कशी बनवायची त्याचे फोटो, फिल्म, पुस्तकांचा डोंगर, मराठीतसुद्धा, सगळं फुकट. जाहिरात नाही, पैसे मागत नाहीत. पुस्तकावर लेखकाचं नाव, कल्पना दुसऱ्याची असेल तर त्याचंही नाव. मी आजवर पाहिलेली सगळ्यात कल्पक वेबसाइट हीच. कर्सरने गाणं वाजवणारी नव्हे.

असाच दुसरा प्रयत्न म्हणजे हनी बी नेटवर्क. अहमदाबादच्या आयआयएमचे प्राध्यापक अनिल गुप्ता यांनी सुरू केलेलं. गावोगाव फिरून शेतकरी, कारागीर, मेकॅनिक यांच्या कल्पना गोळा करायच्या, पण दोन अटींवर. ज्याची कल्पना त्याचं नाव लिहायचं, आणि गोळा केलेलं त्याच्या भाषेत त्याला परत सांगायचं. मधमाशी फुलातून घेते, पण फूल गरीब होत नाही. त्यातूनच २००० साली नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन उभं राहिलं. तेच दादाजींना पुरस्कार देणारं.

म्हणजे नाव लिहिणं अवघड नाही. लिहायचं ठरवावं लागतं.

आता मला माहीत आहे, खाली काय येणार. "अहो, पगार देते की कंपनी!" देते. मशीन चालवायचा देते. घसरगुंडी बनवायची त्याच्या कामात लिहिलेली नव्हती. न बनवता सात महिने टिक मारत बसला असता तरी तोच पगार मिळाला असता. दुसरं, "हे सगळे जुगाड, त्याला कसलं पेटंट?" बरोबर. बहुतेकांना पेटंट मिळणार नाही, मी मागतही नाही. नाव आणि वाचलेल्या पैशातला थोडा वाटा मागतोय. तिसरं, "शॉप फ्लोअरवरचं बाहेर कसं दाखवणार, गुप्तता असते." मान्य. पार्टचा फोटो बाहेर दाखवू नका. पण माणसाचं नाव कुठल्या ड्रॉइंगमध्ये गुप्त ठेवलंय?

आणि मालकांनो, हे तुमच्यासाठीही आहे. इलेक्ट्रिक गाडीत पिस्टन नसतो, सायलेन्सर नसतो, इंजेक्टर नसतो. भोसरी-चिखलीतल्या ज्या शेडमध्ये वर्षानुवर्षं असेच पार्ट निघतात, तिथे उद्या काय काढणार? ड्रॉइंग येईल, तसा पार्ट देऊ, हा धंदा ज्याचं ड्रॉइंग त्याच्या हातात असतो. स्वतःची वस्तू हवी असेल तर ती कुठून येणार? तुमच्याच लाइनवरच्या, डबा देऊन गप्प केलेल्या पोरांच्या डोक्यातून. पण एकदा नाव पुसलेला माणूस दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. मी तरी उघडताना पाहिलेला नाही.

तर मागण्या. फार मोठ्या नाहीत.

कंपन्यांना: काइझेन शीटवर ज्याने केलं त्याचं नाव पहिलं लिहा, मग टीम. कॉन्ट्रॅक्टवाला असला तरी. वर्षभरात जेवढे वाचले त्यातला ठरलेला हिस्सा त्याला द्या, आणि हा हिस्सा किती ते बोर्डवर लावा. आणि ज्याने लाइन सुधारली त्याला ब्रेक देताना एकदा विचार करा.

युनियनवाल्यांना: पगारवाढीच्या कराराच्या यादीत सूचना योजनेचे नियम हा मुद्दा टाका. जर्मनीत कामगारांचे प्रतिनिधी मागू शकतात, तर आकुर्डीत का नाही?

महापालिकेला: चिंचवडला ऑटो क्लस्टर आहे, शेजारी सायन्स पार्क आहे. शाळेच्या सहली तिथे येतात. एक दालन इथल्या कामगारांनी बनवलेल्या युक्त्यांचं करा, प्रत्येकीखाली नाव आणि गाव. आपल्या बापाचं नाव सायन्स पार्कमध्ये वाचलेलं पोरगं "आपल्याकडे डोकं नाही" असं कधी म्हणणार नाही.

आणि ज्यांनी स्वतःच्या घरात, स्वतःच्या शेडमध्ये काही बनवलंय त्यांना एक कळकळीचं सांगणं. लगेच रील टाकू नका! डिझाइन कायदा २००० सालचा आहे, त्यात अट अशी की अर्ज करण्याआधी वस्तू जगजाहीर झालेली नसावी. तुमचाच व्हिडिओ तुमच्याविरुद्ध पुरावा ठरतो. पेटंटलाही तेच. दिसण्याचं, आकाराचं नावीन्य असेल तर डिझाइन नोंदणी, साध्या माणसाला सरकारी फी १,००० रुपये, संरक्षण १० वर्षं आणि पुढे ५ वाढवून मिळतात. चालण्याची युक्ती नवीन असेल तर पेटंट. त्याचा आधी तात्पुरता अर्ज करता येतो, मग पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. वकिलाची फी वेगळी, पण निदान विचारून घ्या. आधी अर्ज, मग रील. आणि पेटंटच्या भानगडीत पडायचंच नसेल, अरविंद गुप्तांसारखं सगळ्यांना वाटून टाकायचं असेल, तर खुशाल वाटा. पण स्वतःचं नाव लिहून वाटा.

राहिलो आपण, बघणारे. एवढंच करा. पुढच्या वेळी भन्नाट व्हिडिओ आला की शेअर करायच्या आधी विचारा, हे कुणी बनवलं? नाव नसेल तर शोधा, सापडलं तर लिहा, नाहीच सापडलं तर ते पेज वाढवू नका. आणि घरी जेवताना बापाला, भावाला, बायकोला विचारा, कंपनीत तू स्वतःच्या डोक्याने काय काय बदललंस? आधी म्हणतील, काही नाही रे. परत विचारा.